पाचोळ्याची बेगमी

फेब्रुवारी २०१८. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कचरागाड्या नारेगावच्या रस्त्यावर अडल्या. शहराचा कचरा वर्षानुवर्षं आपल्या उशाशी ओतून घेणाऱ्या नारेगावच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी यापुढे एकही गाडी आत सोडायची नाही असं ठरवलं होतं. महापालिका दुसरी जागा शोधायला निघाली, तर जाईल तिथे लोक रस्त्यावर उतरू लागले. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, जाळपोळ, लाठीमार सगळं झालं. प्रकरण विधिमंडळात गाजलं, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. इकडे शहराच्या चौकाचौकांत ढीग साचत होते, कुठे कुठे ते पेटवले जात होते. ‘कचराकोंडी’ हा शब्द त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर मुक्कामालाच आला.

पुण्याची कथा वेगळी नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी किती वेळा गाड्या अडवल्या, याची मोजदाद करणं आता अवघड आहे. २०१७च्या उन्हाळ्यात तिथल्या डेपोला आग लागली आणि त्यानंतरच्या आंदोलनाने पुण्यातल्या कुंड्या कित्येक दिवस तुडुंब राहिल्या. मुंबईत देवनारला १९२७पासून कचरा टाकला जातोय. जानेवारी २०१६मध्ये तो डोंगर असा पेटला की त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला.

या डोंगरांत वजनाने साधारण निम्मा माल स्वयंपाकघरातून आणि अंगणातून आलेला असतो. मेथीच्या काड्या, मटाराची टरफलं, केळीच्या साली, चहाचा चोथा, शिळा भात, हार-फुलं, बागेतली छाटणी. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून तो घराबाहेर पडतो आणि शेकडो टन ढिगाखाली दबतो. तिथे हवा पोहोचत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७-२८ पट तापमानवाढ करतो. डेपो वारंवार पेटतात, त्यामागेही याच वायूचा हात असतो. हीच केळीची साल हवेशीर ड्रममध्ये पडली, तर मिथेन जवळपास होत नाही आणि तीन-साडेतीन महिन्यांत हाताला खत लागतं.

हे सगळं सरकारला माहीत आहे, नागरिकांना माहीत आहे, शाळेतल्या मुलांना तर पाठच आहे. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असंही सांगितलं. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ ही तारीख धरून मोठ्या सोसायट्यांवर ही जबाबदारी टाकली. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात पाच टक्के आणि दोन असतील तर दहा टक्के सूट आहे. कायदा झाला, सवलत झाली, बाजारात घरी खत करायची रंगीत बिनं आली. तरीही ज्या उत्साहाने घरोघरी बिन येतं, त्याच्या निम्म्या उत्साहानेही ते वर्षभर चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात वास येतो, चौथ्यात अळ्या दिसतात, शेजारच्या वहिनी येऊन दोन शब्द बोलून जातात आणि पाचव्या आठवड्यात त्या बिनात कोरफड लागलेली असते.

असं का होतं? कुजवणाऱ्या जिवाणूंच्या कल्चरचं पाकीट नकली निघालं, बिन चुकीचं निघालं, आपल्याकडची हवाच दमट, अशी कारणं ऐकायला मिळतात. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं आणि ते खिडकीबाहेर झाडून काढलेलं असतं: सुका पाला.

कुजणं हे जिवाणूंचं आणि बुरशीचं जेवण आहे. त्यांना कर्ब लागतो तो ऊर्जेसाठी आणि नत्र लागतं ते शरीर बांधायला. कृषी महाविद्यालयातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ‘कर्ब-नत्र गुणोत्तर’ सांगेल. साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असेल, तर काम झकास चालतं. भाजीच्या टाकाऊ भागांत हे प्रमाण जेमतेम १५-२०च्या घरात असतं. वाळलेल्या पानांत ते ४० ते ८०पर्यंत जातं आणि लाकडाच्या भुशात कित्येक शेकड्यांत. नुसता ओला कचरा साठवला की नत्र जास्त होतं आणि ते अमोनिया होऊन उडतं, म्हणून नाकाला झोंबणारा वास. शिवाय भाजीत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असतं. ते सुटलं की कचरा चिकटून बसतो, हवेच्या वाटा बंद होतात आणि नासक्या अंड्याचा वास सुरू होतो. सुकी पानं दोन्ही बाजू सांभाळतात. कर्ब पुरवतात, पाणी शोषतात आणि मध्ये पोकळ्या ठेवतात. आकारमानाने जितका ओला कचरा तितकाच, जमलं तर दुप्पट सुका पाला, हा हिशेब सांभाळला की कल्चरच्या पाकिटाची फारशी गरज उरत नाही. मूठभर जुनं खत, शेण किंवा वाटीभर आंबट ताकही सुरुवातीला चालून जातं.

अडचण वेळापत्रकाची आहे. ओला कचरा रोज होतो, बारा महिने होतो आणि श्रावणात तर पालेभाज्यांमुळे वाढतोच. पानगळ मात्र वर्षातून दोन-तीन महिन्यांची. पौष-माघात सुरू होते आणि चैत्रापर्यंत आटोपते. त्या दिवसांत पिंपळ, बदाम, सोनमोहर, विलायती शिरीष यांच्या पानांनी सोसायट्यांचे कोपरे भरून जातात. नेमकं तेव्हाच ते झाडून पेटवले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. तरी माघातल्या कुठल्याही सकाळी शहरात फेरफटका मारला तर धुराचे दोन-चार पुंजके दिसतातच. पुढे आषाढात त्याच सोसायटीतला माणूस ऑनलाइन कोकोपीटची वीट मागवतो. केरळ-तामिळनाडूतल्या नारळाचा भुसा पैसे मोजून घरी आणायचा आणि दारातल्या झाडाची पानं जाळायची, याला काय म्हणावं!

शेतकऱ्याला हे गणित शिकवावं लागलं नाही. गोठ्यात पातेरा, म्हणजे वाळका पाला, अंथरायचा, तो शेणामुताने भिजला की उकिरड्यावर टाकायचा, ही कोकणातली जुनी रीत. शास्त्राने याच धाग्याला हात घातला तो इंदूरला, होळकरांच्या संस्थानात. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसाच्या संस्थेत आले होते. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरला संस्थानाने दिलेल्या जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ चालवली. तिथे त्यांनी शेतातला काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुतात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, तीन वेळा उलथापालथ करून तीन महिन्यांत खत काढण्याची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली याविषयी जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचं नाव आहे. हॉवर्ड पुढे ‘सर’ झाले, सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून पूजले गेले. वाड यांचं नाव मराठी वाचकालाही आज सांगावं लागतं, हे काही बरं नाही.

इंदूरच्या त्या कामातले दोन तपशील आजच्या बाल्कनीवाल्यांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक, त्या सहजी कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर अंथरून ठेवायचे. ये-जा करणाऱ्या बैलगाड्यांची चाकं त्यांचा भुगा करून टाकायची, वेगळं यंत्र नको की मजूर नको. तुकडे जितके लहान, तितकं कुजणं लवकर, हे तत्त्व भाजीच्या देठांनाही लागू आहे. दुसरा तपशील पावसाचा. खड्ड्यात पाणी साचून हवा बंद होते, म्हणून पावसाळ्यात ते लोक खड्डा सोडून जमिनीवर ढीग रचायचे. आपल्याकडे आजही जून महिन्यात बंगल्याच्या मागे हौसेने खड्डा खणला जातो आणि जुलैत त्यात डास होतात.

याच्याही पुढची पायरी विदर्भातली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी बसवलेली ‘नाडेप’ पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनीच ओळखली जाते आणि गावाकडे ते स्वतः ‘नाडेपकाका’ म्हणून. विटांचं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकं, त्याच्या भिंतींत हवेसाठी ठरावीक अंतरावर सोडलेली भोकं. आत साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, चाळलेली माती आणि पाणी. वरून शेणामातीने लिंपून टाकायचं. उलथापालथ नाही, तीन-चार महिने वाट बघायची. आकड्यांकडे नीट पाहा. शेणाच्या पंधरापट काडीकचरा! शेण हे विरजण आहे आणि दूध म्हणजे काडीकचरा, हे पांढरीपांड्यांनी टाक्याच्या मापातच सांगून ठेवलंय.

शहरात हा विचार आणण्याचं मोठं श्रेय कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांना जातं. गणिताचे शिक्षक, ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक. चौरस फूटभर पान एका दिवसाच्या उन्हात किती सुकं द्रव्य तयार करतं याचा हिशेब मांडून ते शेतकऱ्यांना आणि गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांना एकाच भाषेत समजावत. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्यांची भूमिका आहे. त्यांच्याच विचारातून पुढे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशातल्या बजवाड्याला ‘अमृतमाती’चा प्रयोग केला. शेण, गोमूत्र आणि गुळाच्या पाण्यात सुका पाला भिजवून त्याची माती करायची. ती रीत मुंबईत पोहोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच अधिकारी प्रीती पाटील यांनी रोजच्या भाजीच्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवून दाखवल्या. गोदीच्या सिमेंटच्या छतावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात.

पाल्याच्या वेळापत्रकाचा प्रश्न मात्र सर्वांत नेमका पकडला तो पुण्यात. २०१६ साली अदिती देवधर यांनी ‘ब्राऊन लीफ’ सुरू केलं. कल्पना अगदी साधी. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे, त्यांची गाठ घालून द्यायची. एका सोसायटीला डोकेदुखी असलेल्या गोण्या दुसऱ्या भागातला गच्चीबागवाला गाडीत घालून आनंदाने नेतो. कुणी बंगलेवाला कुंपणाशी जाळीचा पिंजरा उभारून त्यात वर्षभराची पानं दाबून ठेवतो. यात ना मोठं भांडवल, ना यंत्र. एरवी कचऱ्यावर उपाय म्हटलं की निविदा डोळ्यांपुढे येते. इथे नुसत्या ओळखीपाळखीवर काम चाललं.

यंत्रांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. सोसायट्यांत बसवलेल्या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक कचरा बारीक करून त्यात भुसा आणि कल्चर मिसळतं. त्यानंतर तो माल क्रेटमध्ये दोन-तीन आठवडे तरी मुरवावा लागतो आणि ते काम नीट झालं तर खत चांगलं होतं. दुसरा प्रकार ‘चोवीस तासांत खत’ म्हणून विकला जातो. वीज जाळून, तापवून कचरा वाळवला जातो. हातात येते ती कोरडी, तपकिरी भुकटी. दिसायला खत, पण कुजणं झालेलंच नसतं. कुंडीत घालून पाणी दिलं की ती पुन्हा नासायला लागते, बुरशी धरते, मुळांना त्रास होतो. ज्याला चोवीस तासांत खत हवंय त्याने सरळ रोपवाटिकेतून पोतं आणावं, स्वस्त पडेल.

घरासाठी साधनं साधीच पुरतात. बेंगळुरूच्या पूनम बीर कस्तुरी यांनी २००६मध्ये ‘डेली डंप’ सुरू करून भाजलेल्या मातीचा तीन मजली ‘खांबा’ घराघरांत नेला. मातीची भांडी पाणी शोषतात आणि दिसायलाही बरी, त्यामुळे ती दिवाणखान्याशेजारच्या बाल्कनीत खपून जातात. पण रंगाचा रिकामा पन्नास-साठ लिटरचा ड्रमही तितकाच कामाचा. चहूबाजूंनी आणि बुडाला भोकं पाडायची, दोन विटांवर ठेवायचा, खाली ताटली. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर वीतभर पाला. मग रोजचा चिरलेला कचरा आणि प्रत्येक वेळी त्याच्यावर तो पूर्ण झाकला जाईल इतका पाला. वरून एक दाणाही दिसता कामा नये. चिलटांचा निम्मा बंदोबस्त एवढ्यानेच होतो.

चार-पाच दिवसांनी त्यात लोखंडी सळई खुपसून बाहेर काढली तर हाताला कोमट लागते. आठवड्यातून एकदा-दोनदा खालून वर हलवायचं. ओल किती असावी? मूठ आवळली की बोटांच्या फटीतून जेमतेम एखादा थेंब यावा. पाणी गळलं तर पाला घाला, मूठ उघडल्यावर सगळं भुरभुर सांडलं तर पाणी शिंपडा. मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं पडलंय. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना, ती पानांतला चिवट भाग फोडते आहे. मोठ्या ढिगात तापमान ६० अंशांपर्यंत चढतं आणि त्यात बिया, रोगजंतू मरतात. ड्रम तेवढा तापत नाही, म्हणूनच घरच्या खताच्या कुंडीत न लावता टोमॅटो आणि भोपळा उगवतो. तो उपटायचा की ठेवायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सगळ्यात जास्त घाबरवतात त्या पावसाळ्यातल्या जाडसर, करड्या अळ्या. त्या बहुतेक वेळा ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या असतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, चावत नाही. तिच्या अळ्या मात्र ओला कचरा बघता बघता फस्त करतात. देशोदेशी त्या मुद्दाम पाळतात, आपण त्यांच्यावर फिनेल ओततो. नकोच असतील तर ओल कमी करा, पाला वाढवा.

काय घालू नये? मटण-मासळीची हाडं आणि तेलकट उष्टं टाळलेलं बरं, उंदीर-घुशी वास काढत येतात. आंब्याची कोय, कणसाचं बुरकुंड, करवंटी वर्षभर तशीच राहतात. कोयी वेगळ्या वाळवाव्या, करवंटी कुंडीच्या तळाशी घालावी. लिंबू-संत्र्याच्या साली आणि कांद्याची टरफलं गांडुळांना रुचत नाहीत, पण साध्या खतात बेलाशक चालतात. निर्माल्यातला झेंडू आणि दूर्वा उत्तम. फक्त हारातला दोरा, जरीची तार आणि चमचमती पट्टी काढायला विसरायचं नाही.

दोन-अडीच महिन्यांनी भाजी ओळखू येईनाशी होते. मग आणखी महिनाभर ते नुसतं मुरू द्यायचं. तयार खताला मातीचा वास येतो. पहिल्या पावसात जमिनीतून जो येतो, तोच, कारण दोन्हीकडे त्याच जातीचे जिवाणू तो बनवतात. मग चाळायचं. सरकारी खत नियंत्रण आदेशातली शहरी खताची चाळणी चार मिलिमीटरची आहे. घरी धान्य चाळायची जुनी चाळण पुरे. वर राहील ते पुढच्या ड्रमात विरजण म्हणून. चौघांच्या घरातून महिन्याला पंचवीस-तीस किलो ओला कचरा निघत असेल तर हाती खत येईल पाच-सहा किलो, बाकी पाणी आणि वायू होऊन जातं. त्याच आदेशानुसार शहरी खतात नत्र किमान ०.८ टक्के हवं. युरियात ते ४६ टक्के असतं. तेव्हा पोतंभर युरियाची बरोबरी याच्याकडून कुणी मागू नये. जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवणं, पाणी धरून ठेवणं, मातीतले जीव जगवणं हे याचं काम आणि ते युरियाला जमत नाही.

एक फायदा मात्र खताच्या हिशेबात कुणी धरत नाही. पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ला उभी राहिली. तिच्यातून आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका २००८पासून महापालिकेच्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करतात. ओल्यात बरबटलेला कागद आणि पुठ्ठा त्यांच्याकडून कुणी भंगारवाला घेत नाही. ज्या घरातला ओला कचरा घरीच जिरतो, त्या घरातला सुका कचरा कोरडा राहतो. त्या बाईचे हात घाण होत नाहीत आणि तिला चार पैसे जास्त मिळतात.

घरच्या ड्रममुळे फुरसुंगीचा डोंगर वितळणार नाही. हॉटेलं, मंडया, मंगल कार्यालयं यांचा कचरा महापालिकेलाच हाताळावा लागेल, त्यातून तिची सुटका नाही. पण नागरिकाच्या वाट्याचं जेवढं आहे तेवढं तरी होण्यासारखं आहे आणि त्याला मुहूर्त लागतो तो ड्रमचा नव्हे, पाल्याचा. दिवाळी झाली की पानगळीला अजून दोन-अडीच महिने उरतात. तेवढ्यात तांदळाच्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या धुऊन वाळवून ठेवा. सोसायटीच्या सफाई कामगाराशी आधीच बोलून घ्या, पानं पेटवायची नाहीत, भरून ठेवायची. पाऊस लागणार नाही अशी जिन्याखालची किंवा पार्किंगमधली एक भिंत समितीकडून मागून घ्या. एका घराला वर्षभरात दाबून भरलेल्या दहा-बारा गोण्या लागतील. त्या हाताशी आल्या की मगच ड्रम आणायला जा.